रिकामे खिळे

आमच्या बाबांना खिळे ठोकायचा नाद होता. फोटो टांगायला माणूस खिळा ठोकतो, हे मला मान्य आहे. बाबा खिळा ठोकायचे आणि त्यावर काहीच टांगायचे नाहीत. दाराच्या चौकटीवर खिळा, कपाटाच्या कडेला खिळा, बाथरूमच्या कोपऱ्याशी खिळा. सगळे कमरेच्या जरा वर आणि सगळे अर्धवट, डोकं बाहेर ठेवून ठोकलेले. आणि हा माणूस उभं आयुष्य कारखान्यात लेथवर काम करत होता. केसभर फरक पडला तरी तयार केलेला भाग भंगारात टाकायचा. धाकटा म्हणायचा, "बाबांची सगळी अक्कल कारखान्याच्या लॉकरमध्ये असते. निवृत्त झाले तेव्हा घरी आणायला विसरले."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दोन मुलांचा बाप झाला, डोक्यावरचे केस गेले, पण आमच्या घरात त्याला दुसरं नाव नाही.

त्याने एकदा मुद्दाम त्या रिकाम्या खिळ्यांवर मिळेल ते अडकवून ठेवलं. हेल्मेट, छत्री, किल्ल्या, सगळं. बाबा उठले, एकेक वस्तू काढली आणि नेऊन धाकट्याच्या मांडीवर ठेवली.

"मग ठोकलेत कशाला?" त्याने विचारलं.

"असू देत. लागतात," बाबा म्हणाले.

माझी बाही एकदा अशाच खिळ्यात अडकून फाटली. मी चिडून पक्कड घेतली आणि तो उपटायला निघाले, तर बाबांनी पक्कड माझ्या हातातून काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. वर मलाच ऐकवलं, "बघून चालायला काय होतं तुला?"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई एकटीच राहत होती. आम्ही दोघं आपापल्या संसारात, शहराच्या दोन टोकांना. फोन रोज व्हायचा, जाणं मात्र सुट्टीच्या दिवशी. गेलं की आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची, समोर टीव्ही बडबडत असायचा. जवळ गेलं की ती माझं मनगट धरायची आणि म्हणायची, "बारीक झालीस गं." दरवर्षी माझं वजन वाढतंय आणि दरवर्षी मी बारीक होतेय. आईची माया, म्हणून मी सोडून द्यायचे.

शेवटी धाकट्याने विषय काढला की घर विकू या, आईने त्याच्याकडे राहायला यावं. आम्हाला वाटलं होतं की आता महाभारत होणार. मी उत्तरं तयार करून गेले होते. आई नुसतं "बरं" म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मग एजंट आला. हातात दोन फोन आणि बोलणं तिसऱ्याशी चालल्यासारखं. घरभर फिरून म्हणाला, "मॅडम, घर मजबूत आहे, पण त्याचं तोंड धुवायला हवं. गिऱ्हाईक आत पाऊल टाकतं आणि तिथेच ठरवतं. हे खिळे, ही भोकं, हा गळका नळ, हे बघितलं की ते दारातूनच परत फिरतं. भिंतीवरून हात फिरवला तर कुठे अडकता कामा नये. तुम्ही एवढं करा, रविवारी मी माणसं आणतो."

हे मला सांगायची गरज नव्हती. मी हॉटेलात हाउसकीपिंग बघते. खोलीत काल कुणी राहत होतं याचा मागमूस पुसून टाकणं हेच माझं काम. आरशावर बोटाचा ठसा दिसला तरी माझं डोकं फिरतं. माझ्या हाताखालच्या मुली मला पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते खरंच आहे. मी रजा काढली, धाकट्यालाही काढायला लावली. बाहेरचा माणूस लावायचा नाही, सगळं आपण करायचं, असं ठरलं.

धुळीचा त्रास नको म्हणून आईला तेवढे दिवस धाकट्याच्या घरी पाठवलं. निघताना मी तिच्यासमोर रंगाचं कार्ड धरलं. तिने त्यावरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं आणि म्हणाली, "हा छान आहे." ते बोट रंगावर नव्हतं, कंपनीच्या पत्त्यावर होतं. मी हसले. "चेष्टा पुरे, आई," म्हटलं आणि माझ्या मनानेच मळकट पांढरा ठरवला.

गाडीत बसता बसता ती म्हणाली, "रंग दे, नळ दुरुस्त कर, काय ते कर. तुझ्या बाबांचे खिळे मात्र राहू देत हं."

"हो हो," मी म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना आपण जसं हो हो म्हणतो, तसं.

कामाला सुरुवात केली आणि मला, खोटं कशाला सांगू, मजा आली. स्वयंपाकघराच्या नळाचा वायसर बदलला, टपटप थांबली. दारांच्या बिजागऱ्यांत तेल घातलं. बाथरूमचं दार फुगून घासत होतं, ते उतरवून धाकट्याने रंध्याने कड तासली आणि पुन्हा बसवलं. स्विचबोर्डवर काही बटणांवर डिंकासारखे वाळलेले थेंब होते. ते निघेनात, म्हणून आम्ही बटणंच नवी बसवली. गॅसच्या शेगडीच्या एका मुठीला बाबांनी लोखंडाचा तुकडा चिकटवून ठेवला होता. तीही बदलली. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात उतरायला एक पायरी आहे. तिच्या अलीकडे फरशीवर काथ्याच्या पायपुसण्याची एक पट्टी चिकटवलेली होती, आणि तीही तिरकी.

"हे काय असतं, ताई?" धाकट्याने पट्टी खरवडता खरवडता विचारलं. "पाय पुसायचं तर अख्खं पायपुसणं ठेवावं. एवढीशी पट्टी?"

"तुझ्या बाबांना विचार."

"माझे एकट्याचे का? तुझे पण होते."

मग खिळ्यांची पाळी आली. आईला हो म्हटलं होतं हे मी विसरले नव्हते. पण एजंट बरोबर बोलत होता. मी पक्कड लावून एकेक उपटत गेले. तेव्हा एक गोष्ट दिसली. प्रत्येक खिळ्याचं डोकं कानशीने घासून गुळगुळीत केलेलं होतं, कडा मोडून, शर्टाच्या बटणासारखं. मला रागच आला. एवढं घासत बसायला वेळ होता, तर ठोकायचा ना पूर्ण आत! उपटलेले खिळे मी एका डब्यात टाकत गेले. बाबा खिळा कधी फेकून द्यायचे नाहीत, वाकडा असेल तर सरळ करून ठेवायचे. ती सवय मलाही लागली आहे.

भोकांत रंगाऱ्याची लांबी भरली. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, आणखी एक हात दिला, पुन्हा घासली. वरून रंगाचे दोन हात. डोळे मिटून चौकटीवरून तळवा फिरवला, तर कुठे काही लागलं नाही. मी धाकट्याला म्हटलं, "बघ, याला म्हणतात काम."

मध्येच भावजयीचा फोन आला. तिच्या सुरात जरा नाराजी होती. "ताई, आईंना बरं वाटत नाही का? खुर्चीत बसल्या त्या बसल्या. जागच्या हलत नाहीत. बाथरूमला जायचं तरी मला हाक मारतात. पाण्याचा पेला समोर ठेवला तरी म्हणतात, हातात दे."

"नवीन जागा आहे, लाड करून घेतेय," मी म्हटलं. "चार दिवसांचा प्रश्न आहे."

रविवारी सकाळी धाकटा आईला घेऊन आला. एजंट माणसं घेऊन दुपारी येणार होता, त्याआधी आईने आपलं घर बघावं असं मला वाटत होतं. तिने आत पाऊल टाकलं आणि नाक वर केलं.

"रंगाचा वास काय सुंदर येतोय," ती म्हणाली.

"नुसता वास काय घेतेस, भिंती बघ की!"

"बघतेय. छान केलंत." तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. बॅग खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "बसा तुम्ही दोघं. दमला असाल. मी चहा टाकते."

ती स्वयंपाकघराकडे निघाली. चांगली ताठ, झपझप चालत निघाली. उजवा हात भिंतीला हलकेच लागलेला. ती नेहमी तशीच चालायची, मी हजारदा पाहिलं होतं. दाराजवळ आल्यावर तिचा तळवा चौकटीवर गेला आणि वरखाली फिरू लागला. एकदा, दोनदा, मग पुन्हा. ती थांबली. तिने मान आमच्याकडे वळवली, पण नजर आमच्या दोघांच्या मधल्या मोकळ्या भिंतीवर होती. ती जराशी हसली. मग पाय पुढे टाकला, आणि खाली काही नव्हतं.

ती आडवी पडली. आवाज इतका मोठा झाला की मला वाटलं, कपाट कोसळलं.

आम्ही धावलो. ती कुशीवर पडली होती आणि एक हात फरशीवर चाचपत होता.

"मी कुठे पडलेय गं?" ती म्हणाली. "ही कुठली खोली आहे?"

ज्या स्वयंपाकघरात तिने चाळीस वर्षं काढली, तिथे ती मला विचारत होती, ही कुठली खोली. डोक्याला मार लागला, मेंदूत काही झालं, हेच माझ्या मनात आलं. धाकट्याने तिच्या तोंडासमोर पंजा धरला, पाचही बोटं पसरून.

"आई, इकडे बघ. किती बोटं आहेत? सांग, किती?"

"दोन," आई म्हणाली.

धाकट्याने पंजा आणखी जवळ नेला. "नीट बघ, आई."

"तीन का?" तिने विचारलं. मग तिने डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. "राहू दे रे. डोक्याला नाही लागलं, गुडघ्याला लागलंय. मला बोटं नाही दिसत. तुझा हातही नाही दिसत."

मला ते वाक्य कळलंच नाही. शब्द कळले, पण ते आत उतरेनात. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं.

"म्हणजे? कधीपासून?" मी ओरडले. पडलेल्या म्हाताऱ्या बाईवर ओरडले, पण माझा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. "आम्हाला कळत कसं नाही? तू टीव्ही बघतेस!"

"ऐकते," आई म्हणाली. "ओरडू नकोस. आधी मला उठवा."

तिला खुर्चीत बसवलं. गुडघा सुजायला लागला होता, त्यावर धाकट्याने ओला टॉवेल ठेवला. आईने सांगायला सुरुवात केली, ती वाणसामान सांगावं तितक्या साध्या आवाजात.

बाबा निवृत्त व्हायच्या आधीच तिला कडेचं दिसेनासं झालं होतं. मग मधलंही जायला लागलं. दोघं गुपचूप डॉक्टरकडे जायची. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. आता तिला उजेड कळतो, समोर कुणी उभं असेल तर सावली कळते, बाकी काही नाही. सामान कोपऱ्यावरचा दुकानदार घरपोच देतो, आणि आमची चाहूल तर ती फाटकापासूनच ओळखते.

"आणि खिळे?" धाकट्याने विचारलं. विचारलं तेव्हाच त्याला उत्तर कळलं असावं, कारण तो मटकन खाली बसला.

"एक खिळा म्हणजे दार," आई म्हणाली. "खालीवर दोन म्हणजे पुढे पायरी. कपाटाच्या कडेला आडवा, म्हणजे कोपरा आहे, कपाळ सांभाळ. तुझ्या बाबांनी डोळ्यांवर रुमाल बांधून घरभर चालून बघितलं होतं. कितीदा तरी. स्वतःचा हात जिथे अडखळला तिथे खिळा. मी म्हणायचे, अहो, अंदाजाने ठोका ना. तर म्हणे, मी अंदाजाने कधी काम केलेलं नाही."

तिने जरा थांबून विचारलं, "काढलेत ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे, आई," धाकटा म्हणाला.

"बरं," आई म्हणाली.

तेच "बरं." घर विकायचं म्हटलं तेव्हाचं. मला तो शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला.

"तू सांगायचं होतंस," मी म्हटलं. "का नाही सांगितलंस?"

"तुझा स्वभाव मला माहीत नाही? तुला कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू दारात टेम्पो उभा केला असतास. ह्यांना मी शपथ घातली होती. ह्या घरात मी कुणाचा हात न धरता फिरते गं. स्वतःचा चहा स्वतः करते. एवढंच राहिलंय माझ्याकडे."

"मग विकायला हो कशाला म्हणालीस?"

"नाही म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतंत. काय सांगणार होते? आणि हे गेल्यावर मलाही भीती वाटायला लागली होती. म्हटलं, धाकट्याचं घर हळूहळू हाताच्या सवयीचं होईल." तिने गुडघ्यावरचा टॉवेल सारखा केला. "नाही झालं. तिथे भिंतींना काहीच नाही. जिकडे हात लावावा तिकडे सारखंच. मी घाबरून खुर्चीतच बसून राहिले. म्हटलं, चार दिवसांनी घरी गेले की सुटले."

आणि घरी आल्यावर आम्ही तिच्यासाठी काय करून ठेवलं होतं, तर तेच. भिंती, चौकटी, बटणं, शेगडी. तिचं होतं तेवढं सगळं मी घासून, पुसून, वरून दोन हात देऊन टाकलं होतं, आणि तळवा फिरवून खात्रीसुद्धा करून घेतली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नुसती नळ सोडून उभी राहिले.

बेल वाजली. एजंट होता, सांगितलेल्या वेळेच्या आधीच. त्याच्यामागे एक नवरा-बायको, दोघं हसतमुख, बायकोचे डोळे आतापासूनच पडद्यांची मापं घेत असलेले. धाकटा दारात जाऊन उभा राहिला.

"आज घर दाखवता येणार नाही," तो म्हणाला.

"अहो, असं कसं? तुम्ही पाठवलेले फोटो बघितले मी. काम झालंय की! एकदम गुळगुळीत!"

"तेच चुकलंय."

"मग पुढच्या रविवारी?"

धाकट्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"नाही. विकायचंच नाही," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. बाहेरून एजंटाची बडबड बराच वेळ ऐकू येत होती. आईच्या ओठांचा कोपरा हलला.

पुढे आईजवळ कुणी राहायचं यावर मी आणि धाकटा कडाकडा भांडलो, अजूनही भांडतो. त्या दुपारी मात्र आमच्यापुढे एकच काम होतं. मी खिळ्यांचा डबा काढला, हातोडी घेतली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीपुढे उभी राहिले. भोक शोधू लागले. एकही सापडेना. उजेडात धरून बघितलं, तिरकं बघितलं, नखाने टकटक केलं. इतकं छान काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

"आई, कुठे होता गं?"

"मला काय माहीत? तो तिथे असायचा, मी तिथे हात न्यायचे. उंची सांगेन, जागा नाही सांगता यायची."

मग मी धाकट्याकडून त्याचा रुमाल मागून घेतला. आईला कळलं. म्हणाली, "दे, मी बांधते." मी तिच्यापुढे पाठ करून बसले. गाठ मारताना तिची बोटं माझ्या केसांतून फिरली.

"पातळ झाले गं. पांढरे झालेत का?"

"बरेच."

"कधी झाले?"

"झाली की आठ-दहा वर्षं."

"हो का," आई म्हणाली. गाठ मारून झाली तरी तिने हात काढला नाही. "मला अजून काळेच दिसतात."

मी उठले. एका हातात हातोडी, एक हात भिंतीवर. आई लंगडत माझ्यामागे आली आणि तिने माझं कोपर धरलं. मी खिडकीजवळच्या खुर्चीपासून चालायला लागले. ह्याच खोलीत मी रांगले, शाळेचं दप्तर फेकलं, दारं आपटली. ती खोली आता संपतच नव्हती. भिंत गार, सपाट, पुढेही तशीच. दार आलं का, गेलं का, काही कळेना. माझ्याच रंगाचा वास चारी बाजूंनी येत होता आणि त्यावरून कुठली दिशा ओळखायची तेही कळेना. धाकटा कुठेतरी डबा धरून उभा होता, त्याच्या नाकाचा सूंसूं आवाज येत होता, तेवढीच एक खूण.

माझा हात भिंतीवरून लाकडावर गेला. मी आधारासाठी चाचपलं, तिथे काही नव्हतं. पाय पुढे टाकला आणि तो सरळ हवेत गेला. मी किंचाळले.

आईने माझं कोपर घट्ट धरून मला मागे ओढलं. तिच्यात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"इथे," ती म्हणाली. "ठोक."